सही करण्यापूर्वी

दूरच्या कुठल्या देशात तुरुंगात पडलेल्या लेखकासाठी पत्रक येतं, खाली सही करायची असते, आणि दरवेळी माझा हात थबकतो. या सहीने त्याची कोठडी उघडणार आहे, की त्याच्यावरचा ‘परक्यांचा हस्तक’ हा शिक्का आणखी गडद होणार आहे?

अशा वेळी मला 1977 चं प्राग आठवतं, अर्थात वाचून माहीत झालेलं. चेकोस्लोव्हाकियाने नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला होता, आणि 1976 च्या ऑक्टोबरात त्याचा चेक मजकूर सरकारी कायदेसंग्रहात छापून आला. सरकारच्या लेखी तो उपचार. ‘चार्टर 77’वाल्यांनी नेमकं तेच पान उघडलं: तुम्हीच छापलंय, तेवढं पाळा. भाषांतर करणाऱ्या माणसाला हा प्रसंग भुरळ घालतो. बाहेरचा शब्द चेक झाला होता, आता त्याला परका कसं म्हणणार? सरकारने तरीही म्हटलंच. चार्टर देशात छापू दिला नाही. नॅशनल थिएटरात कलावंतांना जमवून निषेधाच्या सह्या मात्र घेतल्या. ज्याचा निषेध केला तो मजकूर त्यांतल्या अनेकांनी पाहिलाही नव्हता.

चार्टरचे एक प्रवक्ते होते तत्त्वज्ञ यान पातोच्का. 1 मार्चला प्रागच्या दौऱ्यावर असलेले डच परराष्ट्रमंत्री माक्स व्हान डेर स्टूल त्यांना भेटले. छोटीशी भेट. नंतर 69 वर्षांच्या, आजारी पातोच्कांची तासन्‌तास चौकशी झाली, त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं, आणि 13 मार्चला ते गेले. किंमत पाहुण्याने मोजली नाही.

म्हणून पाहुण्याने भेटूच नये? मला तसं म्हणवत नाही. पातोच्का अजाण नव्हते. धोका ओळखूनच ते त्या भेटीला तयार झाले. त्यांच्या वतीने आपण घाबरणं हाही एक आगाऊपणाच. आणि ‘ही आमची अंतर्गत बाब’ हे वाक्य 1946 साली दक्षिण आफ्रिकेने संयुक्त राष्ट्रांत भारताला ऐकवलं, तेव्हा आपल्याला ते पटलं नव्हतं. हल्ली आपल्याही तोंडी ते पटकन येतं, ते सोडा.

मी आता एवढंच बघते, की आतल्या माणसाने हाक मारली आहे का. गेल्या पत्रकाला घरच्यांची चिठ्ठी जोडलेली होती: गप्प राहू नका, नाव घ्या. मी सही केली. त्याच्या आधीच्या पत्रकाला अशी चिठ्ठी नव्हती. सही तेव्हाही केली होती, आणि ती अजून टोचते.