गंबुसियाचं पाप कोणाच्या पदरात?

आदिलाबाद जिल्ह्याच्या उटनूर, नारनूर, इंद्रवेल्ली या डोंगराळ पट्ट्याला हिवताप जुनाच ओळखीचा. सिकंदराबादेत १८९७ साली रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला आणि डास आरोपी ठरला. त्याच्यावर सोडायला सरकारकडे फवारणी आहे, मच्छरदाणी आहे आणि एक मासाही आहे : गंबुसिया.

हा मिसिसिपीच्या खोऱ्यातला आणि मेक्सिकोच्या आखाताकाठचा रहिवासी. १९०५ साली तो टेक्सासहून हवाईला गेला, पुढे युरोपात पोचला आणि १९२८ मध्ये इटलीहून बंगळूरला आला. दिसायला किरकोळ; मादी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर, नर त्याहून लहान. तोंड मात्र वर वळलेलं; डासांच्या अळ्या श्वासासाठी पाण्याच्या वरच्या थरात येतात, त्या टिपायला सोयीचं. मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते, तीही महिन्याभरात. एकदा नराशी संग झाला की शुक्राणू ती कित्येक महिने साठवून ठेवते. त्यामुळे एकटी मादीसुद्धा नवं डबकं वसवू शकते. भूक लागली तर स्वतःच्या पिल्लांनाही सोडत नाही. कौटिल्याने ज्याला मत्स्यन्याय म्हटलं, त्याचा इतका चोख नमुना शोधून सापडणार नाही.

प्रश्न माशाचा नाही, त्याला पाण्यात सोडणाऱ्या हाताचा आहे. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातलं माहूर महानुभाव पंथीयांना पवित्र. शिकाऱ्यांनी पाठलाग केलेल्या सशाला चक्रधरस्वामींनी आपल्यापाशी आश्रय दिला, ही ‘लीळाचरित्रा’तली गोष्ट त्यांच्याकडे आजही सांगितली जाते. ही अहिंसा पाळणाऱ्या व्रतस्थ माणसाने हाताने डास चिरडला तर ती हिंसा. मग बादलीभर मासे तळ्यात ओतले तर?

जैन विचाराने ही पळवाट फार पूर्वीच बुजवली आहे. हिंसा स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि तिला अनुमोदन देणं, तिन्हींनी कर्म बांधलं जातं. म्हणजे अळी माशाने खाल्ली तरी हिशेब बादलीवाल्याकडेही येतो. पण हाच विचार गृहस्थाला थोडी मोकळीक देतो : जाणूनबुजून, मारण्याच्याच हेतूने केलेली संकल्पी हिंसा त्याला वर्ज्य; स्वसंरक्षणातली विरोधी हिंसा वेगळी. तापाने फणफणलेलं लेकरू घरात असताना डासांवर मासा सोडणं या दुसऱ्या खात्यात बसवता येईल, आणि बसवावंच.

अडचण पुढे आहे. गंबुसिया फक्त अळ्यांवर थांबत नाही. तो स्थानिक माशांची अंडी आणि पिल्लं खातो, बेडकांचे डिंभ खातो, जे स्वतः डासांच्या अळ्यांवर जगतात ते चतुराचे डिंभकही खातो. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. १९२८ चा मित्र असा गुन्हेगार झाला. माशाचा स्वभाव तोच, वर्णन तेवढं पालटलं. ‘परका’ हा तर त्याच्यावरचा सर्वांत पोकळ आरोप. अमेरिकेतून आलेल्या मिरचीवाचून आपला ठेचा होत नाही, तिला कोणी परकी म्हणत नाही.

शतपथ ब्राह्मणातला इवला मासा मनूकडे अभय मागतो ते याच धास्तीने, की मोठा मासा लहानाला गिळतो. मनू त्याला आधी घागरीत ठेवतो, मग खड्ड्यात, शेवटी समुद्रात नेतो. वाढ पाहून पाणी बदलतो. दयेला इथे देखरेखीची जोड आहे, आणि गंबुसियाच्या बाबतीत नेमकी तीच लागते. सिमेंटच्या टाक्यात किंवा बंद हौदात तो सोडला तर त्याचा हिशेब त्या भिंतींपाशी संपतो. पेनगंगा-गोदावरीला मिळणाऱ्या ओढ्याशी जोडलेल्या तळ्यातून त्याला परत बोलावता येत नाही. शिवाय डोंगराळ भागात हिवताप पसरवणारा अ‍ॅनोफिलिस फ्लुव्हिएटिलिस वाढतो वाहत्या ओढ्यांच्या कडेला, आणि गंबुसियाला भावतं संथ पाणी. डोक्यावर चमकता ठिपका मिरवणारा, अळ्या खाणारा अ‍ॅप्लोकायलस हा छोटा मासा भारतातल्या पाण्यांत आधीपासून आहे. त्याच्यासाठी इटलीला जावं लागत नाही.