अवकाळी पाऊस आणि नवा संसार

फाल्गुन-चैत्राचे दिवस म्हणजे आमच्या मराठवाड्यात लग्नसराईचे, आणि सुगीचेही. नेमका याच दिवसांत अवकाळी पाऊस गाठतो. आता असे धरून चालू की, पूर्णा तालुक्यातील ताडकळसला एका घरी नुकतेच लग्न झाले आहे. मुलगा परभणीस नोकरीला. शनिवार-रविवार तेवढा घरी. शनिवारी दुपारी आभाळ भरून आले, पाऊस लागला, आणि दोन दिवस दोघांना घराबाहेर पडण्याचे कारण उरले नाही. त्यांना आनंद झाला. त्याच पावसात शेजाऱ्याची काढलेली ज्वारी खळ्यावर भिजते आहे, शिजवून वाळत घातलेली हळद भिजते आहे. तर प्रश्न असा की, या दोघांच्या आनंदाला दोष लागतो काय?

कित्येक माळकरी चटकन म्हणतील, "लागतो की! ही सगळी मायाच." आम्हांस हे पटत नाही. संसार टाका, असे आपल्या संतांनी सांगितलेले नाही. ज्ञानोबारायांचे वडील विठ्ठलपंत बायको मागे ठेवून संन्यासी झाले, तर गुरूंनीच त्यांना माघारी धाडले, ही कथा लहान पोरालाही ठाऊक आहे. पैठणच्या नाथमहाराजांनी गिरिजाबाईंसह प्रपंच करीतच परमार्थ केला. आणि अहो, या दोघांनी तोंड पाडून बसल्याने शेजाऱ्याचे एक कणीस तरी वाळणार आहे काय?

मग सगळी मोकळीक झाली म्हणावे? तसेही नाही. पुंडलिकाची गोष्ट पाहा. तोही एके काळी बायकोत रमलेला संसारीच होता. त्याचे चुकले कोठे? बायकोवर प्रेम केले यात नव्हे. त्या प्रेमात म्हातारे आईबाप दिसेनासे झाले, यात चुकले. पुढे कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले, तेव्हा त्याने आईबापांची सेवा धरली. बायको टाकली नाही. तेव्हा प्रेम किती गोड आहे, ही त्याची पारख नव्हे. त्याने डोळे झाकतात की उघडतात, ही पारख.

कोणी म्हणेल, "जगात कोठे ना कोठे कोणी रडतच असतो, मग माणसाने हसावे कधी?" शंका रास्त आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात मराठवाड्यावर गारपीट झाली, तेव्हा गावेच्या गावे हाताशी आलेल्या पिकाला मुकली. एवढे दुःख दोन माणसांनी कसे उचलावे? नाहीच उचलवत. पण सगळ्यांचे करता येत नाही म्हणून हाकेवरच्याचेही करायचे नाही, हा हिशेब खोटा. भिजलेल्या ज्वारीचा दाणा काळा पडतो, भाव उतरतो, कडबाही कुजतो. वेळेवर ताडपत्रीचे टोक धरायला चार हात मिळाले, तर पुष्कळ वाचते. त्याला अर्धा तास लागतो. तेवढ्याने नव्या संसाराचे काही उणे होत नाही. उलट दोघे मिळून भिजत गेले, तर तीही सोबतच की!

दुसरे पाहायचे ते घराच्या आत. "बाहेर पाऊस आहे, गरम भजी होऊ द्या," असे सगळे ओसरीवर बसून म्हणतात. चुलीपुढे, आता शेगडीपुढे म्हणा, उभे कोण असते? नवी सून. माहेर सुटून तिला महिना झालेला नसतो. त्याची सुट्टी ही तिची वेठ होत असेल, तर तो आनंद दोघांचा नव्हेच, एकट्याचा. आमच्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंचे जाते देवाने ओढले, हे आपण ऐकतो आणि डोळे पुसतो. जात्याला हात लावताना देवाला कमीपणा वाटला नाही. मग नवऱ्याला पोळपाटाला हात लावताना का वाटावा? आणि "पोरी, बस जरा," असे म्हणायला सासूबाईंची तरी काय हरकत?

तेव्हा आमचे म्हणणे एवढेच. हा पाऊस कोणाच्या सुखासाठी आला नाही, की कोणाला शिक्षा म्हणूनही आला नाही. त्यात ज्यांना दोन दिवसांची सोबत लाभली, त्यांनी ती संकोच न धरता घ्यावी. नव्या संसाराची मुळे अशाच दिवसांत धरतात. फक्त दार लोटण्यापूर्वी एकदा बाहेर पाहावे, आणि आत कोण बसले आहे, कोण राबते आहे, तेही पाहावे. एवढे पाहून, हाताने करण्याजोगे ते करून जो आनंद उरतो, त्याला दोष नाही. तो खुशाल भोगावा, नामाचा विसर न पडू देता.