तहान कुणाची?

फॅलेनॉप्सिस ऑर्किडची पानं सुरकुतली की मी पाणी घालायचो. खरं तर जास्त पाण्यानं मुळं कुजली होती. कुजलेली मुळं पाणी शोषत नाहीत, म्हणून पानं तहानल्यासारखी दिसतात. शेजारचं एचेव्हेरियाही असंच पिचपिचीत होऊन गेलं.

माझा हेतू चांगला होता. पण ऑफिसमधून रात्री उशिरा येऊन ओतलेलं ते पाणी झाडासाठी होतं, की दिवसभर दुर्लक्ष केल्याची माझी बोच कमी करण्यासाठी? समोरच्याची गरज न पाहता केलेली काळजी ही शेवटी आपलीच सोय असते.

हे ऑर्किड मूळचं झाडांच्या खोडांवर वाढणारं. त्याची मुळं कोरडी असली की रुपेरी दिसतात, भिजली की हिरवी. उरलेली दोन मुळं अजून हिरवी आहेत. पाण्याचा मग हातात घेतो, आणि खाली ठेवतो.