संयम की काणाडोळा?

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये डेट्रॉइट लायन्स नावाचा संघ आहे. २९ डिसेंबर १९५७ रोजी त्याने क्लीव्हलँड ब्राउन्सला ५९–१४ असं धुऊन काढलं आणि लीगचं अजिंक्यपद मिळवलं. ते अजून पुन्हा हाती लागलेलं नाही. त्या दिवसापासून २०२३चा हंगाम सुरू होईपर्यंत या संघाने बाद फेरीतला फक्त एक सामना जिंकला, जानेवारी १९९२मध्ये डॅलसविरुद्ध. २००८ साली तर तो सोळाच्या सोळा सामने हरला. असा पराक्रम तोवर कुणीच केला नव्हता. त्याच वर्षी हंगामाआधीचे चारही सराव सामने मात्र त्याने जिंकले होते!

इतक्या दीर्घ पडझडीला माणसं आधी दैवाचं नाव देतात. डेट्रॉइटमध्ये ते नाव बॉबी लेनचं आहे. हा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर आक्रमणाची सूत्रं हलवणारा गडी, संघाच्या पन्नाशीच्या दशकातल्या विजयांचा नायक होता. १९५८ साली संघाने त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. आता पन्नास वर्षं तुम्ही जिंकणार नाही, असं तो जाताना म्हणाला म्हणे. बोलल्याचा धड पुरावा नाही, पण पन्नास मोजली की नेमकं २००८ येतं, आणि पुढे वाद घालायला कुणी उरत नाही.

दैववाद्यांकडे आणखीही माल आहे. १९७० साली न्यू ऑर्लिन्सच्या टॉम डेम्प्सीने शेवटच्या क्षणी ६३ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला. उजव्या पायाला जन्मतःच बोटं नसलेल्या या माणसाने तेव्हाचा विक्रम केला आणि डेट्रॉइट १९–१७ने हरलं. २०२१मध्ये बाल्टिमोरच्या जस्टिन टकरने ६६ यार्डांवरून नवा विक्रम केला. चेंडू आडव्या दांडीवर आपटला, उडाला आणि पलीकडे पडला. डेट्रॉइट पुन्हा १९–१७ने हरलं. दोनच आठवड्यांनी मिनेसोटानेही अखेरच्या किकवर हरवलं, तेही १९–१७नेच. अशा वेळी शापावर विश्वास ठेवणाऱ्याला हसणं जड जातं.

तरी दैव एकाच घरात साठ वर्षं मुक्काम करत नाही. आणि शेजारी पाहिलं तर ही सबब टिकतही नाही. डेट्रॉइटच्याच गटात ग्रीन बे पॅकर्स आहेत. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचं गाव, आणि संघ गावकऱ्यांच्या व चाहत्यांच्या भागभांडवलावर चालणारा. डेट्रॉइटमागे मोटारउद्योगाचं महानगर आणि फोर्ड घराण्याची श्रीमंती. टीव्हीच्या राष्ट्रीय करारांचा पैसा लीग सर्व संघांना सारखा वाटते. खेळाडूंच्या पगारावर १९९४पासून सर्वांना एकच मर्यादा आहे. महाविद्यालयातून येणारे नवे खेळाडू निवडताना सगळ्यांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते, आणि ही पद्धत १९३६पासूनची आहे. दुबळ्याला वर काढायची इतकी चोख व्यवस्था असूनही ग्रीन बेने चार सुपर बोल, म्हणजे आता अजिंक्यपद ठरवणारे अंतिम सामने, जिंकले. डेट्रॉइट आजवर एकदाही सुपर बोल खेळलेलं नाही. १९९२ ते २०१४ या काळात तर विस्कॉन्सिनमध्ये जाऊन त्यांना एकही सामना जिंकता आला नाही.

म्हणजे पैसा सारखा, नियम सारखे, निवडीत झुकतं माप डेट्रॉइटला. मग कमी काय पडलं?

या व्यवस्थेची दुसरी बाजू इथे बघावी लागते. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो, उत्पन्न आटतं, मालकाची झोप उडते. अमेरिकेत तसं नाही. तिथे, आणि तोच साचा उचलणाऱ्या आपल्या आयपीएलमध्येही, शेवटच्या क्रमांकाला शिक्षा नाही. एनएफएलमध्ये तर हरलेल्या संघालाही टीव्हीचा तोच वाटा मिळतो, वर चांगला खेळाडू निवडायची पाळी आधी येते. हेन्री फोर्डचे नातू विल्यम क्ले फोर्ड यांनी १९६३मध्ये ४५ लाख डॉलरना लायन्स विकत घेतले. २०१४मध्ये ते वारले तोवर संघ बहुतेक काळ हरतच होता आणि त्याची किंमत चढतच होती. हरण्याची झळ पोचत होती ती तिकीट काढणाऱ्याला. थँक्सगिव्हिंग या सणाच्या गुरुवारी डेट्रॉइटने सामना खेळायचा ही प्रथा १९३४पासूनची, तेव्हा ती झळ वर्षातून एकदा साऱ्या देशाला जेवणाच्या टेबलावरून दिसतही होती.

फोर्ड दुष्ट नव्हते, कंजूषही नव्हते. ते निष्ठावान होते, आणि माझ्या मते गोची तिथेच होती. रस थॉमस हे व्यवस्थापक १९६७पासून १९८९पर्यंत टिकले. बावीस वर्षांत संघ बाद फेरीत तीनदा पोचला आणि तिन्ही वेळा पहिलाच सामना हरला. त्यांतला १९७०चा तर ५–० असा, वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटावी असा. पुढे २००१मध्ये मॅट मिलन आले. खेळाडू म्हणून चार सुपर बोल जिंकलेला, टीव्हीवर उत्तम समालोचन करणारा हा माणूस, पण संघ बांधण्याचा अनुभव शून्य. त्यांनी २००३, २००४ आणि २००५ अशी लागोपाठ तीन वर्षं पहिल्या फेरीत एकाच जागेचे, म्हणजे चेंडू झेलणारे खेळाडू निवडले. कारकिर्दीचा हिशेब ३१ विजय, ८४ पराभव असा भरला. मिलनना काढा असे फलक मैदानात झळकत होते. डिसेंबर २००५मध्ये सिनसिनाटीविरुद्धच्या सामन्याला घरचेच प्रेक्षक पाहुण्यांचा नारंगी रंग अंगावर घालून आले. मालक हलले नाहीत. सप्टेंबर २००८मध्ये खुद्द त्यांच्या मुलाने, बिल फोर्ड यांनी, माझ्या हातात असतं तर मिलनना काढलं असतं असं जाहीरपणे सांगितलं, तेव्हा कुठे दोन दिवसांत मिलन गेले.

याला संयम म्हणायचं का? लोणचं मुरायला ठेवलेली बरणी आणि फडताळात ठेवून विसरलेली बरणी बाहेरून सारखीच दिसते. फरक आत असतो, आणि झाकण उघडून पाहणाऱ्यालाच कळतो.

आतल्या माणसांना तो कळत होता. बॅरी सँडर्स हा चेंडू घेऊन धावणारा अद्भुत खेळाडू. दहा हंगामांत १५,२६९ यार्ड धावला. वॉल्टर पेटनच्या विक्रमाला १,४५७ यार्ड उरले होते, म्हणजे त्याच्या वेगाने एका हंगामाचं काम. जुलै १९९९मध्ये, सराव शिबिराच्या तोंडावर, त्याने आपल्या गावच्या वर्तमानपत्राला फॅक्स धाडला आणि तो निवृत्त झाला. २०१६मध्ये कॅल्विन जॉन्सन तिशीतच निघून गेला. एका हंगामात १,९६४ यार्डांचे झेल घेणारा तो माणूस. करार करताना आगाऊ दिलेल्या रकमेतला काही भाग संघाने दोघांकडूनही परत मागितला. मिलनशी दाखवलेला दिलदारपणा इथे कुठे गेला होता, हे विचारावंसं वाटतं.

२०२०मध्ये कारभार विल्यम यांची मुलगी शीला फोर्ड हॅम्प यांच्याकडे आला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला संघ हरला आणि दोनच दिवसांत त्यांनी व्यवस्थापक व मुख्य प्रशिक्षक दोघांनाही घरी पाठवलं. नवे व्यवस्थापक ब्रॅड होम्स, नवे प्रशिक्षक डॅन कॅम्बेल. प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याचा चावा घेऊ, असं पहिल्याच पत्रकार परिषदेत म्हणणारा हा गडी. देशभर टवाळी झाली. जुना क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड लॉस एंजेलिसला गेला आणि तिथे पहिल्याच हंगामात सुपर बोल जिंकला. इकडे पहिल्या वर्षी ३ विजय, १३ पराभव, एक बरोबरी. दुसऱ्या वर्षी पहिल्या सातांत एक विजय.

ऑक्टोबर २०२२मध्ये हॅम्प सरावाच्या जागी येऊन पत्रकारांसमोर उभ्या राहिल्या. हे अवघड काम आहे, वेळ द्या, माझा या माणसांवर विश्वास आहे, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. डेट्रॉइटच्या चाहत्याला तो ऐकून काय वाटलं असेल? हेच तर तो साठ वर्षं ऐकत आला होता. शब्द वडिलांचे, घराणं तेच, तक्त्यातली जागाही तीच.

पण या वेळी बरणीचं झाकण उघडं होतं. त्या सुरुवातीच्या सहा पराभवांपैकी चार, चार किंवा त्याहून कमी गुणांचे होते. सिएटलविरुद्ध ४५ गुण करूनही संघ हरला होता; आक्रमण जमलं होतं, बचाव गळत होता. २०२१मध्ये आधी निवडला तो पेनेइ स्यूएल, म्हणजे आघाडीच्या भिंतीतला धिप्पाड गडी. या जागेवरच्या माणसाचं नाव प्रेक्षकाला सहसा ठाऊक नसतं. त्याच वर्षी चौथ्या फेरीत आलेला आमोन-रा सेंट ब्राउन पहिल्याच हंगामात चमकला होता. आणि विश्वास सरसकटही नव्हता. सातव्या सामन्यानंतर बचावफळीच्या एका प्रशिक्षकाला काढलं, मुख्य प्रशिक्षकाला ठेवलं. काय मुरतंय आणि काय नासलंय, हे कुणीतरी वेगवेगळं पाहत होतं. मिलनच्या काळात असं पाहणारं कुणी असल्याची खूण सापडत नाही.

उरलेल्या दहांपैकी आठ सामने लायन्सनी जिंकले. शेवटचा ग्रीन बेच्या मैदानावर होता. डेट्रॉइटचं स्वतःचं आव्हान तो सुरू होण्याआधीच संपलं होतं, तरी त्यांनी पॅकर्सना २०–१६ने हरवून त्यांचाही हंगाम संपवला. पुढच्या वर्षी, जानेवारी २०२४मध्ये, स्टॅफर्डच्याच लॉस एंजेलिसला २४–२३ने हरवून बत्तीस वर्षांनी बाद फेरीतला सामना जिंकला, मग टॅम्पा बेलाही नमवलं. उपांत्य लढतीत सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराला २४–७ अशी आघाडी होती. उत्तरार्धात कॅम्बेलनी दोनदा तीन गुणांच्या किकचा प्रयत्न सोडून पुढे जाण्याचा जुगार खेळला, दोन्ही डाव फसले, ३४–३१ने पराभव झाला. पुढच्या हंगामात १५ विजय, केवळ २ पराभव. आणि बाद फेरीतला पहिलाच सामना घरच्या मैदानावर, वॉशिंग्टनकडून ४५–३१ने गमावला.

दोन्ही पराभवांनंतर डेट्रॉइटच्या चहाटळ रेडिओ-कार्यक्रमांना भरपूर खाद्य होतं. आक्रमण आखणारा बेन जॉन्सन आणि बचाव आखणारा एरन ग्लेन हे दोघे २०२५मध्ये इतर संघांचे मुख्य प्रशिक्षक होऊन गेले. हॅम्पनी होम्स आणि कॅम्बेलना ठेवलं.