कुलूप कुणासाठी?

६ मे २०२३च्या शनिवारी माझी ताई भाच्यासाठी बूट घ्यायला ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये जाणार होती. डॅलसच्या उत्तरेचा फ्रिस्को-प्लेनो-ॲलन हा पट्टा आपल्या लोकांनी भरलेला आहे आणि शनिवारी दुपारी आउटलेटला जाणं हा तिथला जवळपास कुळाचार. भाच्याला ताप होता म्हणून ती गेली नाही. त्या दुपारी एका तेहतीस वर्षांच्या माणसाने तिथे आठ जणांना मारलं. त्यांत लहान मुलं होती, आणि हैदराबादहून शिकायला जाऊन तिथेच नोकरीला लागलेली एक इंजिनिअर मुलगीही होती. विशीतली. आमचं वय जवळपास सारखंच.

मी पुण्यात बसून रात्रभर बातम्या वाचत होतो. मारेकऱ्याच्या अंगावर अतिउजव्या टोळ्या मिरवतात तसला बिल्ला होता, ऑनलाइन लिखाणात नाझीप्रेम उतू जात होतं, आणि त्याच्याजवळ एक-दोन नव्हे, आठ बंदुका होत्या. सगळ्या कायदेशीर. २००८मध्ये तो सैन्यात भरती झाला होता आणि मानसिक आरोग्याच्या कारणावरून त्याला तीनच महिन्यांत घरी पाठवलं होतं, हेही कळलं. दुसऱ्या दिवशी टेक्सासचे गव्हर्नर टीव्हीवर म्हणाले, की प्रश्नाच्या मुळाशी मानसिक आरोग्य आहे आणि सरकार त्यावर काम करणार आहे.

हे वाक्य मला नवीन नव्हतं. २०१९मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमधल्या हत्याकांडानंतर ट्रम्पही त्याच अर्थाचं बोलले होते: ट्रिगर बंदूक ओढत नाही, मनोविकार आणि द्वेष ओढतात. त्या काळात मी रोज रात्री जेवणानंतर एस्सिटालोप्रामची गोळी घेत होतो. त्यामुळे जगातला सगळ्यांत ताकदवान माणूस ज्या लोकांबद्दल बोलत होता त्यांत मीही होतो, निदान यादीच्या तळाशी कुठेतरी. लोक मनोविकार म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोण येतं हे मला माहीत आहे. आपल्याकडे त्यासाठी 'येरवड्याला पाठवा' एवढं पुरतं.

आधी थोडं गणित. माझं काम बँकांच्या व्यवहारांमधले संशयास्पद व्यवहार पकडणाऱ्या प्रणालीवर आहे. आमच्याकडे रोज वाद होतो तो एकाच गोष्टीवर: संशयाची रेषा कुठे आखायची? दुर्मीळ गोष्ट शोधताना चाचणी कितीही चांगली असली, तरी तिच्या जाळ्यात बहुतेक निरपराधच सापडतात. समजा, अमेरिकेतल्या २६ कोटी प्रौढांपैकी वर्षभरात शंभर जण असं हत्याकांड करणार आहेत. (आकडा हिशेबापुरता धरला आहे.) आणि समजा, आपल्याकडे ९९ टक्के अचूक चाचणी आहे, जी प्रत्यक्षात कुणाकडेही नाही. ती शंभरातले नव्याण्णव पकडेल. पण त्यांच्यासोबत २६ लाख निरुपद्रवी माणसांनाही पकडेल. म्हणजे एका खऱ्या मारेकऱ्यामागे सव्वीस हजारांवर माणसं. आमच्या धंद्यात चुकीच्या संशयाची किंमत एवढीच, की कुणाचं तरी कार्ड पेट्रोलपंपावर चालत नाही आणि तो कस्टमर केअरला शिव्या घालतो. इथे किंमत वेगळी आहे.

आणि मनोविकार ही तर ९९ टक्केवाली चाचणी सोडाच, चाचणीच नाही. ड्यूक विद्यापीठातल्या जेफ्री स्वॉन्सन यांनी कैक वर्षं यावर काम केलं आहे. त्यांचा निष्कर्ष असा, की गंभीर मनोविकार उद्या जादूने नाहीसे झाले तरी अमेरिकेतला हिंसाचार सुमारे ४ टक्क्यांनीच कमी होईल. उरलेला ९६ टक्के तसाच राहील. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, बायपोलर हे आजार जगभर आहेत. ३९ कोटी खासगी बंदुका मात्र एकाच देशात आहेत.

इथपर्यंतचा युक्तिवाद मी मित्रांना अनेकदा ऐकवला आहे आणि टाळ्याही मिळवल्या आहेत. पण तो ऐकवताना एक गोष्ट मी गाळायचो.

ती गोष्ट व्हर्जिनिया टेकची. १६ एप्रिल २००७. एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं. त्यांत मुंबईहून वास्तुकला शिकायला गेलेली एक मुलगी होती, आणि मूळचे तामिळनाडूचे, जलशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. डिसेंबर २००५मध्ये न्यायाधीशाने त्या विद्यार्थ्याला स्वतःच्या जिवाला धोका असलेला रुग्ण ठरवून उपचार घ्यायचा आदेश दिला होता. पण उपचार रुग्णालयात दाखल न होता, बाहेरून घ्यायचे होते. व्हर्जिनिया राज्य केवळ दाखल केलेल्यांची नावं केंद्रीय यादीला कळवत असे. यादीत नाव नाही म्हणून तपासणीत तो उत्तीर्ण झाला आणि त्याने दोन पिस्तुलं विकत घेतली. आमच्या भाषेत सांगायचं तर दोन सिस्टिम्समधल्या एका फील्डची व्याख्या जुळली नाही. ही फट बुजवायचा कायदा जानेवारी २००८मध्ये झाला. म्हणजे 'मानसिक आरोग्याचा बंदुकीशी काही संबंध नाही' असं छातीठोकपणे म्हणायला मी मोकळा नाही. ते फील्ड नीट भरलं गेलं असतं तर निदान त्या दुकानातून त्याला ती पिस्तुलं मिळाली नसती.

मग रेषा आखायची कुठे? ओबामांच्या कारकिर्दीच्या शेवटी एक नियम आला. मानसिक अपंगत्वामुळे सरकारी भत्ता घेणाऱ्या आणि तो हाताळायला दुसऱ्याची मदत लागणाऱ्या सुमारे ७५ हजार लोकांची नावं बंदूकबंदीच्या यादीत घालायची. विरोधाला कोण उभं राहिलं? बंदूकवाल्यांची एनआरए, आणि तिच्या शेजारी नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी एसीएलयू. एसीएलयूचं म्हणणं असं, की ज्याला स्वतःच्या पैशाचा हिशेब ठेवता येत नाही तो हिंसक असतो, याला आधार काय? ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०१७मध्ये तो नियम रद्द केला. मनोविकार ट्रिगर ओढतात हे त्यांना कळलं ते यानंतर अडीच वर्षांनी, पण ते असो. रद्द करणाऱ्याचा हेतू काहीही असला तरी एसीएलयूचं म्हणणं मला बरोबर वाटतं, आणि ज्या बाजूने मी एरवी कधीच उभा राहणार नाही तिथे त्या दिवशी मी उभा असतो, हे मला आवडत नाही.

आता जे मला सांगायचं आहे, पण ज्याभोवती मी इतका वेळ फिरतो आहे, ते.

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात आहे. कपाशीचं शेत. तिकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. पिकावर मारायचं तेही औषध, आणि एखाद्याने 'औषध घेतलं' असं कुणी हलक्या आवाजात सांगितलं, की पुढचं विचारावं लागत नाही. २०२०मध्ये नोकरी घरून सुरू झाली तेव्हा मी चार महिने मामाकडे जाऊन राहिलो. तब्येत फारच बिघडली होती. झोप नव्हती, जेवण जात नव्हतं. मामाला माझ्या आजाराचं नाव माहीत नव्हतं आणि त्याने विचारलंही नाही. पण पोचल्यानंतर दोन-तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं, की ओसरीवरच्या फळीवर नेहमी असणारे औषधाचे डबे दिसत नाहीत. गोठ्यामागच्या खोलीला नवं कुलूप होतं. किल्ली मामाच्या करगोट्याला.

मला राग आला होता. हा मला काय समजतो? मी काय वेडा आहे? मग एका रात्री मी उठून ओसरीवर आलो आणि त्या रिकाम्या फळीसमोर बराच वेळ उभा राहिलो. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहिणार नाही. सकाळी मामाने चहा दिला आणि वखरणीला चल म्हणाला.

श्रीलंकेने नव्वदच्या दशकापासून सगळ्यांत जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढच्या दोन दशकांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. माणसं एकाएकी सुखी झाली नव्हती. त्या काळात तिथे यादवी युद्ध चालू होतं, त्सुनामीही येऊन गेली. फक्त त्या एका रात्री हाताशी जे होतं ते कमी विषारी होतं, आणि ती एक रात्र गेली की बहुतेक माणसं जगतात. अमेरिकेतल्या बंदुकांचा प्रश्न बातम्यांमध्ये मॉल आणि शाळांचा म्हणून येतो. पण २०२१मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. बंदुकीने केलेल्या दहापैकी जवळपास नऊ प्रयत्नांत माणूस जातोच, गोळ्या खाल्लेल्यांपैकी मात्र फार थोडे दगावतात. म्हणजे मनोविकार आणि बंदूक यांचं नातं खरंच आहे. गव्हर्नर म्हणतात ते नव्हे. बंदुकीचं तोंड उलट्या दिशेला असतं.

हे कबूल केलं की माझ्या जुन्या युक्तिवादाचं काय होतं? माझ्यासारख्या माणसाच्या हाती वाईट महिन्यांत बंदूक असू नये, हे मला मान्य आहे. नुसतं मान्य नाही, मला ते हवं आहे. पण ज्या कारणासाठी ते मागितलं जातं ते कारण मला मान्य नाही. कुलूप एकच. ते माझ्यासाठी लावलं की माझ्यापासून वाचण्यासाठी, याने कुलपाला फरक पडत नाही. मला पडतो. 'तुला काही होऊ नये' आणि 'तू काही करू नयेस' यांतलं अंतर म्हणजे माझं माणसांत असणं किंवा नसणं.

काही राज्यांनी यातून एक वाट काढली आहे. कनेक्टिकटने १९९९मध्ये, इंडियानाने २००५मध्ये, पार्कलंडच्या शाळेतल्या १७ मृत्यूंनंतर २०१८मध्ये फ्लोरिडानेही. निदान पाहायचं नाही, वागणं पाहायचं. कुणी धमक्या देतो आहे, कुणी निरवानिरव करतो आहे, तर न्यायालयाच्या आदेशाने बंदुका काही काळ काढून घ्यायच्या. स्वॉन्सन आणि सहकाऱ्यांनी कनेक्टिकटच्या नोंदी तपासल्या तेव्हा अशा दर दहा-वीस जप्त्यांमागे एक जीव वाचला असावा असं दिसलं. माझ्या सव्वीस हजारांपुढे हा हिशेब अगदीच वेगळा आहे. तरी मला धाकधूक वाटतेच. वागणं पाहणार कोण? कुरापत काढणारा शेजारी? घटस्फोटाच्या खटल्यातला नवरा? दारात येणार तो पोलीसच. मामा नव्हे. मामाने माझ्याबद्दल कुठेही नोंद केली नव्हती, आणि कुलूप कधीतरी गुपचूप काढलंही असेल. राज्ययंत्रणेला असं गुपचूप काही काढता येतं का, मला शंका आहे. डेटाबेसमधून खरोखर काही डिलीट होतं यावर माझा, धंद्यामुळे, फारसा विश्वास नाही.

ॲलननंतर चार महिन्यांनी भाऊजींनी पिस्तूल घेतलं. ग्रीन कार्ड होतं, तपासणी काही मिनिटांत झाली. फोनवर ते हसत सांगत होते, की फॉर्मवर अजूनही 'मेंटल डिफेक्टिव्ह' ठरवलं गेलं आहे का, असा प्रश्न असतो. १९६८च्या कायद्यातला शब्द आहे तो. मीही हसलो. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. शाळेत भाचा दारं बंद करून, दिवे घालवून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव करतो आणि घरी आल्यावर तो खेळ आपल्या टेडीला शिकवतो. असलं पाहून बाप काय करेल? पण घरात बंदूक आली की ती पहिल्यांदा कुणाच्या जिवावर उठण्याची शक्यता जास्त, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं.

येत्या नोव्हेंबरात मी त्यांच्याकडे दोन महिने राहायला जातो आहे. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला तिथे बंदूक बाळगायची बंदीच आहे. म्हणजे त्या देशाच्या लेखी मी अडतो तो परदेशी म्हणून, आजारी म्हणून नव्हे. पण कायदा काही झोपायच्या खोलीशेजारच्या कपाटात उभा राहत नाही. मागच्या आठवड्यात मी भाऊजींना फोन केला. पिस्तूल सेफमध्ये असतं ना, विचारलं. ते म्हणाले, हो, आणि अडीअडचणीला तुलाही कोड माहीत असलेला बरा. मी म्हटलं, "भाऊजी, मला सांगू नका. आणि मी आहे तोवर बदलून ठेवा." ते म्हणाले, "का रे?" मग मी सांगितलं. गोळ्या, २०२०, मामाकडचे महिने. ताईला हे ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. बदलतो." आणि तिकिटाचं, हवेचं, माझ्यासाठी जॅकेट घ्यायचं बोलले. चांगला माणूस आहे.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. इकडचं-तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, कोड बदलला आहे. मग जरा थांबून म्हणाली, ह्यांनी रात्री एकच गोष्ट विचारली, की आपल्या पोराला त्याच्याजवळ एकटं ठेवलं तर चालेल ना.

ताईने त्यांना काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.