रात्री पंखा लागतो का?

वाई,
१८ जानेवारी

चि. सौ. मृणाल हिस,


परवा फोनवर तू विचारलंस, ‘मावशी, मे महिन्यात मुलांना कुठे न्यावं? मनालीचा हिशोब काढला तर डोळेच पांढरे झाले.’ फोनवर घाईघाईने सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून सावकाश लिहायला बसले. वाईच्या एसटी आगारात आरक्षणाच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी झाली. मे महिन्यात मुंबईहून महाबळेश्वरला जाणारी आणि तिथून उतरणारी कुटुंबं मी रोज पाहायची. काही हसतमुख परतायची. काहींकडे पाहून वाटायचं, यांनी एवढे पैसे मोडले आणि यांना विश्रांती कुठे मिळाली? तेव्हापासून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

आधी उन्हाळ्याचंच बोलू. गेल्या मे महिन्यात मी नाहूरला तुमच्याकडे राहिले होते. पाऱ्याच्या आकड्यावर गेलं तर मुंबई तशी सौम्य. दिवसा ३३-३४ अंश, आमच्या पुण्या-साताऱ्याहून कमीच. पण रात्री तो पारा २७ च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. त्यात समुद्राचा दमटपणा. खिडकी उघडावी तर लिंक रोडची धूळ नि हॉर्न, बंद ठेवावी तर घुसमट. धाकटीच्या मानेवर घामोळं उठलं होतं, पावडर लावून लावून तू दमलीस आणि ती रात्रभर कूस बदलत राहिली. तुम्हाला सुट्टी हवी ती त्या रात्रींपासून. म्हणून ठिकाण निवडताना दिवसाचं ऊन बघू नकोस, तिथली रात्र बघ. जिथे राहणार असशील त्या मालकाला एकच प्रश्न विचार, ‘मे महिन्यात रात्री पंखा लागतो का?’ खरं उत्तर देणारा माणूस भेटला तर अर्धं काम झालं.

हवा थंड होते ती मुख्यतः उंचीने. हजार मीटर वर चढलं की साधारण साडेसहा अंशांचा फरक पडतो. हे लक्षात ठेवलंस तर जाहिरातींना भुलणार नाहीस. लोणावळा, इगतपुरी सहाशे मीटरच्या आसपास, आंबोली सातशेच्या जवळ. ही पावसाळ्यात सोन्यासारखी ठिकाणं. मे महिन्यात तिथे पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. जव्हारला ‘मिनी महाबळेश्वर’ म्हणतात, ते राजवाडा आणि धबधबे पाहायला जरूर जा, पण पाऊस पडून गेल्यावर. माथेरान आठशे मीटर. महाबळेश्वर १,३७२ मीटर, आणि तिथे एप्रिल-मेमध्ये रात्रीचा पारा वीस अंशांच्या आगेमागे येतो, मुलांना पांघरूण लागतं.

‘थंड हवेचं ठिकाण’ कुणाच्या उन्हाळ्यासाठी, हेही पाहावं लागतं. तुझ्या मैत्रिणीने चिखलदरा सुचवलं म्हणालीस. चिखलदरा देखणं आहे, १,१०० मीटरवर आहे, तिथे कॉफी पिकते. पण ते अमरावती-अकोल्याच्या लोकांसाठी थंड. ज्यांचा पारा ४४-४५ ला टेकतो त्यांना वर गेल्यावर जीव आल्यासारखं वाटतं. पचमढीचं तेच. मध्य प्रांताची ती उन्हाळी राजधानी होती, कारण साहेबाला नागपूर सोसवत नसे. मुंबईकराने मात्र मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या भट्टीतून गाडीने जायचं आणि दिवसा घरच्याइतकंच, नाहीतर त्याहून जास्त ऊन सोसायचं, यात शहाणपण नाही. तोरणमाळ खानदेशाचं, चिखलदरा वऱ्हाडाचं. तुम्ही तिकडे दिवाळीच्या सुट्टीत जा.

तेव्हा यंदा तुम्ही सह्याद्रीच्या माथ्यावर यावं, असं मला वाटतं. मी इथे पायथ्याशी राहते म्हणून म्हणत नाही. तिकिटांचाच हिशोब बघ. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना राज्यभर अर्धं तिकीट आहे, म्हणजे तुझं अर्धं आणि सासूबाईंचंही अर्धं. थोरला नऊ वर्षांचा, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, म्हणजे त्याचंही अर्धं. धाकटी चार वर्षांची, तिला तिकीट नाही. पूर्ण तिकीट एकट्या जावईबापूंचं. पाच माणसांचा प्रवास अडीच तिकिटांत होतो. हेच रेल्वेने उत्तरेला निघालात तर थोरल्याला स्वतंत्र बर्थ हवा म्हटल्यावर त्याचं भाडं पूर्ण लागतं आणि ज्येष्ठांची सवलत तर मार्च २०२० पासून बंदच आहे. म्हणजे चार पूर्ण तिकिटं जाताना, चार येताना, वर स्टेशनपासून डोंगरापर्यंतच्या टॅक्सीचा खर्च निराळा. मुक्कामाच्या दोन-तीन दिवसांचे पैसे रस्त्यातच संपतात.

मुंबईहून महाबळेश्वरला थेट एसटी आहे, तिचं आरक्षण आधीच करून ठेव. थोरल्याला गाडी लागते ना, मग पोलादपूरहून आंबेनळी घाटाने येणारी गाडी टाळ, तो घाट फार वळणावळणाचा आहे. पुणे-वाईमार्गे ये. नाहीतर ठाण्याला इंद्रायणी धरा, पुण्यात उतरून स्वारगेटला या, तिथून वाई-पाचगणीच्या गाड्या दिवसभर असतात. वाईला उतरून आमच्याकडे जेवा, दुपारभर पडा आणि ऊन कलल्यावर पसरणी घाट चढा. घाटाच्या निम्म्यात खिडकीतून येणारा वारा बदलतो. आमच्या स्टँडवर घामाने चिंब चढलेली पोरं घाट चढेपर्यंत आईच्या पदरात शिरतात, असं कंडक्टर मंडळी सांगायची.

राहायचं मात्र महाबळेश्वरच्या बाजारपेठेत नाही. मे महिन्यात तिथे गाड्यांची रांग, वेण्णा तलावाशी घोड्यांची गर्दी आणि हॉटेलांचे दर आभाळाला भिडलेले. तुम्ही भिलारला राहा. पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ती कल्पना घेतली आणि राज्य मराठी विकास संस्थेने ती उभी केली. गावातल्या घरांच्या पडव्यांत, ओसऱ्यांवर, बैठकीच्या खोल्यांत पुस्तकांची कपाटं आहेत. कुठे बालसाहित्य, कुठे चरित्रं, कुठे कादंबऱ्या, आणि बाहेर तशी पाटी. कुणीही आत जावं, हवं ते पुस्तक काढावं, खुर्ची ओढून तासभर वाचावं. पैसे पडत नाहीत. मी गेले तेव्हा एका ओसरीवर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा पालथा पडून वाचत होता आणि त्या घरची बाई त्याच्या अंगावरून पलीकडे जाऊन वाळवण उलथत होती. दोघांनाही एकमेकांचं काही नव्हतं. तुझा थोरला मराठी वाचायला कंटाळतो म्हणतेस, त्याला चार दिवस तिथे मोकळा सोड. मोबाइल काढून घ्यायची गरजही पडणार नाही.

गावात बऱ्याच घरी राहायची सोय होते. बोलताना राहणं-जेवण धरून माणशी दर विचार, धाकटीचं काय धरणार ते विचार, आंघोळीला गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं ते विचार. आणि पाण्याची चौकशी कर, हे मी ठासून सांगते. डोंगरावर मे महिन्यात पाण्याची ओढ असते. २०१८ साली ऐन हंगामात सिमल्यात पाणी तुटलं होतं आणि लोकांना ‘येऊ नका’ म्हणून सांगायची पाळी आली. आपण पाहुणे म्हणून जातो तेव्हा बादलीभर पाण्यात आंघोळ उरकावी, हे मुलांनाही शिकव.

स्वयंपाकाचं सामान आणि छोटी शेगडी बरोबर नेली तर किती वाचेल, असंही तू विचारलंस. नेऊ नकोस. पैसे वाचतील, पण वाचवशील ते तुझ्याच अंगाने. वर्षभर पहाटे साडेपाचला उठून डबे करतेस, ८.१०ची स्लो लोकल गाठतेस, आणि सुट्टीतही पोळ्या तूच लाटायच्या? सासूबाईही मग स्वस्थ बसणार नाहीत, त्याही उठून भाजी चिरतील. घरातल्या बाईच्या कष्टावर स्वस्त झालेली सुट्टी मला मान्य नाही. घरगुती जेवण देणारं घर धर. पिठलं-भाकरी, वरण-भात, एखादी पालेभाजी, एवढं पुरतं. काटकसर करायची ती दुसरीकडे.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तर फिरण्यावर. माझ्या खिडकीशी येणारे दमलेले लोक बहुतेक पॉइंट पाहून आलेले असत. टॅक्सी ठरवायची, सकाळपासून पॉइंट मोजत फिरायचं, प्रत्येक ठिकाणी मका, सरबत, घोडा, फोटो. दिवसाच्या शेवटी पाकीट रिकामं आणि मुलं रडवेली. तुम्ही एका दिवसापुरती टॅक्सी करा. संघटनेने ठरवलेले दर लावलेले असतात, ते वाचून बसा. त्या दिवसात जुन्या महाबळेश्वरला कृष्णेचं उगमस्थान दाखवा, एखादा कडा दाखवा आणि संध्याकाळी परत या. बाकी दिवस चालत जाता येईल तेवढंच. पाचगणीच्या टेबललँडवर सकाळी लवकर गेलात तर एवढं मोठं पठार तुम्हाला जवळजवळ एकट्यांना मिळतं. मुलांना रोजची ठराविक रक्कम हातात दे आणि सांग, आइस्क्रीम की घोडा ते तुम्ही ठरवा. नऊ वर्षांचं मूल हिशोब चांगला करतं. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास मिळतो, तो भटक्या माणसाला फार चांगला, पण तुम्हाला एकाच जागी राहायचं आहे. तो घेऊ नका.

तारखांबद्दल. १ मेच्या जोडसुट्टीला घराबाहेर पडू नका. सोमवारी निघा, शुक्रवारी परत या. या एका बदलाने गर्दी आणि दर दोन्ही उतरतात. जावईबापूंना रजा मिळत असेल तर परीक्षा आटोपल्याबरोबर एप्रिलअखेर या, तेव्हा शेतात शेवटची स्ट्रॉबेरी असते. नाहीतर थेट जूनचा पहिला आठवडा. तेव्हा गर्दी ओसरू लागते, ढग खाली येतात, एखादा वळीव भिजवून जातो, पण शाळा जूनच्या मध्याला, तोवर सवड असते. पाऊस आला तर बाहेर फिरणं बंद होईल, हे धरून चला. भिलारला ओसरी आणि पुस्तकं आहेतच.

समजा रजाच मिळाली नाही, दोनच दिवस हाताशी आहेत, तर माथेरान. नाहूरहून स्लो गाडीने ठाणे, तिथून कर्जतची लोकल, नेरळला उतरायचं. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फुटी रुळांची गाडी वर जाते, पण तिच्या तिकिटांना रांग असते. नाही मिळालं तर वाटणीच्या टॅक्सीने दस्तुरीपर्यंत जा आणि जवळच्या अमन लॉजहून शटल धरा, म्हणजे सासूबाईंना चालावं लागणार नाही. दिवसा तिथेही ऊन लागतं, मी लपवत नाही. पण मोटारींना बंदी असल्यामुळे झाडांखालच्या तांबड्या वाटांवर मुलांचा हात सोडता येतो. मुंबईत तो कधी सोडता येतो, सांग.

आणि खरी थंडी, स्वेटरची, मुलांना दाखवायचीच असेल तर त्यासाठी दोन-तीन वर्षं पैसे साठवा आणि निलगिरीला जा. कुर्ला टर्मिनस तुमच्या हाकेच्या अंतरावर, तिथून कोइमतूरला थेट गाडी आहे. उटी २,२४० मीटरवर, पण मेमध्ये तिथे पुष्पप्रदर्शनाची झुंबड. राहायला कुन्नूर किंवा कोटागिरी बघा, आणि मेट्टुपालयमहून सरकारी बसने चढा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यासाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गडबड करायची. हिमालयातच जायचं असलं तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनची कौटुंबिक शिबिरं बघा, तंबूत राहायची तयारी असेल तर त्याहून स्वस्त मनाली मला माहीत नाही. सासूबाईंना मात्र ते झेपणार नाही, तेव्हा धाकटी थोडी मोठी झाल्यावर त्याचा विचार करा.

यंदापुरतं एवढं कर. जावईबापू आणि तू एका संध्याकाळी बसा, आधी रक्कम ठरवा, मग दिवस ठरवा, मग ठिकाण. आपल्याकडे उलटं चालतं, ठिकाण आधी आणि रक्कम कर्जातून. सुट्टीसाठी हप्ते लावून घेऊ नकोस, कुणी कितीही गोड बोललं तरी. सासूबाईंनाही त्या बैठकीत बसव. त्यांना गुडघ्यांमुळे काय जमेल ते त्यांनीच सांगावं, आपण परस्पर ठरवू नये.

फेब्रुवारी संपायच्या आत तारखा मला कळव. भिलारला माझ्या ओळखीची घरं आहेत, खोलीचं मी बोलून ठेवते, पण मार्च उजाडला की माझ्याही शब्दाला जागा उरत नाही.

मुलांना गोड पापा, सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझी,
सुमामावशी