सोंगाला साक्ष कोणाची?

मुलाला सोंगासाठी पोशाख शिवावयाचा असता नमुना कोणता घ्यावा, हा प्रश्न वरकरणी शिंप्याचा आहे. विचारवंताने त्यात डोके घालावे असे त्यात काही दिसत नाही. परंतु मनुष्य खरे कशास मानतो आणि का मानतो, याची परीक्षा पुष्कळदा अशा घरगुती प्रसंगीच होत असते. थोर प्रसंगी आपण सावध असतो. लहान प्रसंगी आपली खरी सवय उघडी पडते.

नांदेड-लातूरकडील शाळांत १९ फेब्रुवारीस शिवजयंती आणि १७ सप्टेंबरास मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. या दोन्ही दिवशी मुले सोंगे घेतात. एखाद्या घरातील सात वर्षांचा मुलगा म्हणतो, "मला किल्ल्यावरचे महाराज व्हायचे आहे." किल्ल्यावरचे म्हणजे रायगडावरचे नव्हेत, तर दिवाळीत अंगणात रचलेल्या मातीच्या किल्ल्याच्या माथ्यावर सिंहासनस्थ असलेले, कुंभाराच्या साच्यातून निघालेले, वीतभर उंचीचे. आई सुई-दोरा घेऊन बसते आणि तिच्यापुढे नमुन्यांची रास पडते: स्वतः ते खेळणे, भिंतीवरील दिनदर्शिका, चित्रपटातील वेष, बाजारात तयार मिळणारा झगा, आणि कोठे ग्रंथात छापलेले जुने चित्र. या पाचांत मेळ मुळीच नसतो. मग साक्ष कोणाची मानावी?

यावर दोन उत्तरे तत्काळ मिळतात. एक पक्ष म्हणतो, पोराचे सोंग ते, त्यात एवढी चिकित्सा कशाला? दुसरा म्हणतो, महापुरुषाच्या बाबतीत खेळण्याचा आधार घेणे हीच मुळी विटंबना. अस्सल चित्र पाहूनच काय ते शिवा. पहिल्या पक्षाला मुलाच्या श्रद्धेची किंमत कळलेली नाही, आणि दुसऱ्याने मुलाचे म्हणणेच ऐकलेले नाही. मुलाला जे व्हावयाचे आहे ते खेळण्यातले पात्र आहे, आणि त्या पात्रापुरते ते खेळणे हेच मूळ आहे. त्याच्या अंगरख्याचा भडक केशरी रंग, जिरेटोपावरचा ठळक मोत्यांचा तुरा, सिंहासनाचे ढोबळ सिंह यांना अन्यत्र पुरावा असो वा नसो, मुलाचे मन त्यांवरच जडलेले आहे. तेव्हा आईने प्रथम खेळणेच हाती घ्यावे, आणि त्याचे कोणी काढलेले छायाचित्र न पाहता प्रत्यक्ष वस्तू उजेडात फिरवून पाहावी, हे योग्यच होय.

परंतु ती वस्तू फिरविताच अडचण उभी राहते. साच्यातील मूर्ती बहुधा समोरूनच घडविलेली असते. पाठ सपाट, कित्येकदा रंगही न दिलेली. सिंहासनावर बसलेल्या मूर्तीचा अंगरखा गुडघ्याखाली कसा पडतो, हे कुंभाराने सांगितलेले नाही. मुलाला मात्र पाठही आहे आणि त्याला उभे राहून चालावयाचेही आहे. जेथे मूळ साक्षीदार गप्प बसतो, तेथे दुसऱ्याला बोलवावे लागते. आणि खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो. मुक्या जागी आपण काय भरतो व कोणाच्या नावावर भरतो?

सर्वसाधारण माणूस अशा वेळी संख्येचा आश्रय घेतो. दहा चित्रांत जे सारखे दिसते ते खरे, असे त्यास वाटते. पण दहा चित्रे जर एकाच चित्रावरून उतरलेली असतील, तर साक्षीदार एकच असतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या कामी शेकडो हस्तलिखिते तपासली गेली. परंतु विष्णु सीताराम सुखठणकरांनी त्यांची नुसती मोजदाद केली नाही. कोणती पोथी कोणत्या परंपरेतून आली याची वंशावळ त्यांनी लावली, आणि परस्परांशी संबंध नसलेल्या परंपरा जेथे एकवाक्यतेने बोलतात त्या पाठास अधिक मान दिला. पोथीला जो न्याय तोच पोशाखालाही लागू आहे. तयार झगा चित्रपटावरून, खेळणे दिनदर्शिकेवरून आणि दिनदर्शिका एखाद्या जुन्या छापील चित्रावरून उतरली असेल, तर त्यांची एकवाक्यता ही एकाच घरातील मंडळींची एकवाक्यता होय.

याचे प्रत्यंतर महाराजांच्या चित्राच्या बाबतीतच महाराष्ट्राने घेतलेले आहे. एके काळी दुसऱ्याच एका मुसलमान सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून सर्रास छापले जात होते. एकाने छापले म्हणून दुसऱ्याने छापले, आणि छापले गेले म्हणून लोकांनी ते वंदिले. इतिहाससंशोधक वासुदेव सीताराम बेंद्रे यांनी १९३३ च्या सुमारास समकालीन परंपरेतील चित्र पुढे आणले, तेव्हा तो भ्रम ओसरला. ज्यांनी आधीच्या चित्रापुढे हात जोडले त्यांची भक्ती काही खोटी नव्हती. परंतु भक्ती खरी असल्याने पुरावा खरा ठरत नाही, एवढे त्यातून शिकावयास हरकत नाही.

मग समकालीन चित्रास अखेरचा शब्द द्यावा काय? तेथेही विवेक हवा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील जी चित्रे आज लंडन, ॲम्स्टरडॅम व पॅरिस येथील संग्रहांत आहेत, त्यांतील बरीच दख्खनी कलमाची असून युरोपीय ग्राहकांसाठी तयार झालेल्या संचांतून तिकडे गेली. त्यांत डोक्यास दख्खनी धाटणीचे पागोटे व तुरा, अंगात जामा, कमरेस शेला असा थाट आढळतो; आपल्या ओळखीचा उंच जिरेटोप त्यांत नाही. ही साक्ष काळाने जवळची आहे, पण तिलाही गिऱ्हाईक होते आणि त्या गिऱ्हाइकाची हौस होती. उलट, ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकास रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हा चित्रकार नव्हता. परंतु सिंहासनाच्या दोन्ही बाजूंस भाल्यांच्या टोकांवर मोठ्या दातांच्या सोनेरी मत्स्यमुखांसारखी राजचिन्हे होती आणि न्यायाचे प्रतीक म्हणून सोन्याचा तराजू होता, हे त्याने नोंदविले. कुंभाराच्या सिंहासनाला सिंह आहेत, तराजू नाही. पुठ्ठ्याचा व सोनेरी कागदाचा एक लहानसा तराजू जर आई मुलाच्या आसनापाशी उभा करील, तर तलवारीहून मोठी गोष्ट त्या दिवशी त्याच्या हाती लागेल.

सप्टेंबरातील सोंगाची गोष्ट निराळी. स्वामी रामानंद तीर्थ १९७२ साली निवर्तले. त्यांची छायाचित्रे उपलब्ध आहेत. येथे तरी प्रश्न मिटला, असे वाटेल. परंतु काळ्यापांढऱ्या छायाचित्रात वस्त्राची चुणी दिसते, रंग दिसत नाही. ते संन्यासी होते, म्हणून वस्त्र भगवे, हे आपण आश्रमधर्मावरून जाणतो. पण तो भगवा कोणता, गेरूचा मळकट की रेशमी झगझगीत, हे यंत्र सांगत नाही. ज्यांनी त्यांना डोळ्यांनी पाहिले अशी वृद्ध माणसे आपल्या गावी असतील, तर त्यांच्या ओसरीवर जाऊन विचारणे, हाच येथे संदर्भ शोधणे होय. ग्रंथ थांबेल, हा साक्षीदार थांबणार नाही.

यावरून माझ्या मते एक साधा नियम निघतो. नमुन्याची निवड आपण दिलेल्या वचनावरून ठरते. "हे आमच्या किल्ल्यावरचे महाराज" असे जो म्हणतो, त्याने खेळण्याशी इमान राखावे; त्यात जिरेटोप असला तरी असत्य काही नाही. "महाराज असेच दिसत" असे जो म्हणतो, त्याने समकालीन साक्षीशी इमान राखावे, आणि त्या साक्षीच्या मर्यादाही ओळखाव्यात. पाप खेळण्याची नक्कल करण्यात नाही. खेळण्याची नक्कल इतिहास म्हणून खपविण्यात आहे. त्याचप्रमाणे खेळण्याची सपाट पाठ कल्पनेने भरणे हा गुन्हा नव्हे. भरलेले विसरून जाणे हा होय.

कोणी म्हणेल, एवढे मुलाला कसे कळावे? मुलाला हे मोठ्यांहून लवकर कळते. "समोरचे तुझ्या खेळण्यावरून घेतले, पाठीमागचे जुन्या चित्रावरून, आणि ही किनार माझ्या मनाची," असे आईने शिवता शिवता सांगितले, तर पोराचा आनंद तिळमात्र कमी होत नाही. सोंग हे सोंग आहे हे त्यास पक्के ठाऊक असते. ते विसरतो तो प्रेक्षकांत बसलेला प्रौढ. चित्रातल्या टोपीवरून आणि दाढीवरून जे कलह समाजात माजतात, त्यांच्या मुळाशी बहुधा हेच विस्मरण असते: आपण पाहिलेली नक्कल हीच पहिली वस्तू, असा ग्रह.

थोर पुरुषाचा वेष मुलाच्या अंगावर घटकाभर राहतो आणि मग पेटीत जातो. कोणती गोष्ट कशावरून घेतली, हे सांगण्याची जी सवय त्या निमित्ताने लागते, ती मात्र पेटीत जात नाही. पुढे तोच मुलगा एखादी बातमी, एखादा आरोप किंवा एखादी दंतकथा ऐकेल, तेव्हा "हे कोणाच्या साक्षीवरून?" असे विचारील. महाराजांच्या सिंहासनापाशी तराजू होता, याचा अर्थ त्यास तेव्हा कळेल.